कोणीच बोंबललं नाही

३ मार्च, सोमवार

आजपासून मी मदत कक्षाचा प्रमुख. ऑर्डर हातात देताना संचालकबाई हसल्या, मीही हसलो, आणि बाहेर आल्यावर जिन्यात कठडा धरून पाच मिनिटं उभा राहिलो. वीस वर्षं टेबलामागे मान खाली घालून काढलेल्या माणसाला एकदम खुर्चीवर बसवलं की आधी कठडाच लागतो.

आमचं काम तसं साधं. तीन भांडारांतून एकसष्ट सरकारी दवाखान्यांना औषधं जातात, आणि हा सगळा कारभार कॉम्प्युटरवर चालतो. कॉम्प्युटर अडला की आजवर लोक सरळ मिस्त्रींना फोन करायचे. मिस्त्री म्हणजे आमचे जुने तंत्रज्ञ. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. कोणाचं काय बिघडलं, काय केलं, कुठे लिहिलेलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. जानेवारीत ते निवृत्त झाले आणि डोकं घरी घेऊन गेले. आता सुधारणा करायची आहे. प्रत्येक तक्रारीला नंबर, प्रत्येक तक्रारीचा प्रकार, आणि अठ्ठेचाळीस तासांत तक्रार बंद. नंबर नाही तर काम नाही. हे वाक्य मी आज आरशासमोर म्हणून बघितलं.

डायरी लिहायचं ठरवलं, कारण भीती कागदावर उतरली की जरा कमी होते असा माझा अनुभव आहे. खारूची वहीसुद्धा मी त्याचसाठी सुरू केली. खारू माझी मुलगी, वय अकरा. गालात खाऊ साठवायची म्हणून खारूताई, त्याची खारू झाली. सहाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला, तेव्हापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई. वहीत मी स्वतः रकाने आखलेत: तारीख, वेळ, शुगर, डोस, शेरा. ते खारू भरते, मी आकडे बघतो. आकडे बरे असले की मला जेवण जातं.

६ मार्च, गुरुवार

प्रशिक्षणाला एक चकचकीत बुटांचे गृहस्थ आले होते. ते म्हणाले, पहिलं काम म्हणजे घरात काय काय आहे त्याची यादी. म्हणून दोन दिवस मी मजल्यामजल्यावर मशीन मोजत फिरलो. दुसऱ्या मजल्यावर जुन्या फायलींच्या कपाटामागे एक राखाडी पेटी सापडली, एवढीशी, घुर्रर्र करणारी. वर कोणीतरी छत्री वाळत घातलेली. चिठ्ठी होती, 'हात लावू नये'. अशी चिठ्ठी आमच्याकडे पाण्याच्या मशीनवरही आहे, त्यामुळे तिचं कोणाला काही वाटत नाही.

पेटी कोणाची हे कोणालाच माहीत नाही. यादीत 'मालक' या रकान्यासमोर मी 'अज्ञात' लिहिलं, आणि मला तो शब्द आवडला नाही.

मिस्त्रींना फोन करावा असं मनात आलं. पण मिस्त्रींना थेट फोन करायचा नाही असं परिपत्रक कालच माझ्याच सहीने निघालंय.

१० मार्च, सोमवार

बुटवाल्या गृहस्थांनी यावर उपाय सांगितला. जगभर हेच करतात म्हणे. मशीन कोणाचं ते कळत नसेल तर बंद करायचं आणि बघायचं, कोण बोंबलतं. सात दिवस कोणी बोंबललं नाही तर ते मशीन निकामी. मी म्हटलं, याला बोंब चाचणी म्हणू. सगळे हसले. माझ्या विनोदाला ऑफिसात लोक हसल्याची ही पहिलीच वेळ असावी.

अकरा वाजता मी स्वतः पेटीचं बटण बंद केलं. घुर्रर्र थांबलं आणि कपाटामागे एकदम शांत झालं. दिवसभर फोन वाजला की दचकत होतो. एकही बोंब आली नाही.

तक्रार बंद झाल्यावर जो मेसेज जातो त्याचा मजकूरही आज ठरला. तीन दिवस घासला मी तो: 'आपल्या अडचणीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. धन्यवाद.' संचालकबाईंना 'समाधानकारक' फार आवडलं.

१७ मार्च, सोमवार

सात दिवस झाले, कोणीही बोंबललं नाही. पेटी 'निकामी' म्हणून नोंदवली, छत्रीसकट. एका न दिसणाऱ्या ओझ्यातून सुटल्यासारखं वाटलं.

खारूची शुगर आठवडाभर झकास आहे. बायको म्हणाली, प्रमुख झाल्यापासून तुम्ही चिडचिड कमी करता. मी म्हटलं, भीती वाटायला वेळ मिळत नाही, म्हणून.

२४ मार्च, सोमवार

शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर एकदम एकोणतीस तक्रारी. संध्याकाळपर्यंत सव्वीस बंद. विक्रम आहे हा.

मोठ्या भांडाराच्या भांडारपालांनी एक तक्रार टाकली, विषय: 'थंड खोली फार गार झाली होती'. आता खोली गार होणं हा कॉम्प्युटरचा प्रकार कसा? ती बांधकाम विभागाची गोष्ट. 'प्रकार चुकीचा' असा शिक्का मारून मी ती चार मिनिटांत बंद केली. मेसेज आपोआप गेला. पूर्वी हेच मिस्त्रींना सांगितलं असतं तर ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भांडारात गेले असते, दिवस घालवला असता आणि कुठे नोंदही झाली नसती.

४ एप्रिल, शुक्रवार

खारूची शुगर सकाळी २९०.

परवा दवाखान्यातून नवी बाटली आणली, काल सकाळपासून ती सुरू केली. मशीनची पट्टी खराब असेल म्हणून तीनदा बघितलं. २९०, २८८, २९३. चौथ्यांदा बघायला गेलो तसं तिनेच मशीन माझ्याकडून काढून घेतलं. "बाबा, तू बस," म्हणाली.

६ एप्रिल, रविवार

३१०. दुपारी ३३५.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस दोन युनिटने वाढवायला सांगितलं आणि विचारलं, चोरून काही खाते का? या वयात खातात म्हणे. मी घरभर शोधलं. गादीखाली, दप्तरात, बुटांच्या खोक्यात. तिच्या पेन्सिलींच्या डब्यात चॉकलेटचा एक कागद सापडला, चपटा केलेला. ती म्हणाली, मैत्रिणीने दिला, चांदीसारखा आहे म्हणून ठेवला. आतलं मैत्रिणीने खाल्लं. हे ऐकून मला इतका राग आला की मी बिस्किटांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. खरं सांगायचं तर राग नव्हता, भीती होती. माझी भीती बाहेर पडताना नेहमी रागाचे कपडे घालून जाते.

रात्रीचं माझं ताट हिने जरा जोरात ठेवलं.

८ एप्रिल, मंगळवार

आज सादरीकरण झालं. अठ्ठेचाळीस तासांत बंद झालेल्या तक्रारी सत्त्याण्णव टक्के. वरच्या कार्यालयातून आलेले साहेब म्हणाले, हा नमुना सगळीकडे राबवा. संचालकबाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या, आणि त्या वाजत असताना माझ्या डोक्यात ३४० हा आकडा होता. आज सकाळचा.

खारूला सारखी तहान लागते आहे. तांब्या घेऊनच फिरते. शाळेत जाताना दारात थांबून म्हणाली, "बाबा, माझं काहीच चुकत नाहीये. बाटलीच खराब असेल."

मी म्हटलं, सरकारी भांडारातून आलेलं औषध खराब नसतं, आणि दुसऱ्यावर ढकलायची सवय वाईट. भांडाराचा कारभार कसा चालतो ते मला माहीत आहे, तिला नाही. ती गेल्यावर बाटली उजेडात धरून बघितली. पाण्यासारखी स्वच्छ होती.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी दोनदा उलटी. ही म्हणते मोठ्या इस्पितळात नेऊ. मी म्हटलं संध्याकाळपर्यंत बघू, आज साहेब पुन्हा येणार आहेत. उलटीनंतर जरा बरं वाटतंय म्हणून खारू शाळेत गेली.

१० एप्रिल, गुरुवार

इस्पितळातल्या बाकावर बसून लिहितोय.

काल साडेअकराला शाळेतून फोन आला. खारू वर्गात बाकावर डोकं टेकून बसली होती, बाईंना वाटलं झोपली. हाक मारली तर ओ देईना. मी पोचलो तेव्हा तिला शाळेच्या शिपाईमावशींनी मांडीवर घेतलं होतं. श्वास भरभर चालला होता, आणि त्याला एक गोडसर वास येत होता. हा वास म्हणजे काय ते पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी समजावलं होतं. तो येऊ नये म्हणून तर मी वही ठेवत होतो.

रिक्षातून इस्पितळापर्यंत मी काय बडबडत होतो मला आठवत नाही. ही सांगते की मी फक्त आकडे म्हणत होतो.

इथे सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं. संध्याकाळी शुगर २४०, आज सकाळी १६०. डोस घरी देत होतो त्यापेक्षा फार जास्त नाही. इथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण प्रश्न नेमका विचारतात. म्हणाल्या, "मुलगी तीच, औषध तेच. मग तिथे का चाललं नाही? घरची बाटली कुठे ठेवता? गोठली होती का कधी?" मी म्हटलं, फ्रीजच्या दारात ठेवतो, कधी गोठली नाही. त्या म्हणाल्या, एकदा गोठलं की इन्सुलिनमधला दम जातो. पुन्हा वितळल्यावर दिसायला चांगलं दिसतं, बघून कळेलच असं नाही.

मी मान हलवली. मग बाहेर येऊन बाकावर बसलो आणि 'थंड खोली फार गार झाली होती' हे शब्द माझ्या डोळ्यांपुढे आले. माझ्याच शिक्क्यासकट.

दुपार

हिने पिशवीतून वही आणली होती. डॉक्टरीणबाईंना दाखवायची म्हणून मी उघडली आणि त्यांनी पानावर एका कडेला बोट ठेवलं. शेरा. तो रकाना मी आखला होता, पण मी फक्त आकडे बघत होतो.

४ तारीख: काही खाल्लं नाही.
५ तारीख: खाल्लं नाही.
६ तारीख: खरंच नाही. कागद फक्त ठेवला होता.
७ तारीख: नाही.
८ तारीख: बाटली बदलून बघू या का?
९ तारखेला अक्षर वाकडं आहे. नुसतं 'नाही' आहे.

डॉक्टरीणबाई वाचत होत्या. मी दुसरीकडे बघत होतो.

११ एप्रिल, शुक्रवार

खारू शुद्धीवर आहे, कुरकुर करते आहे. जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

सकाळी ऑफिसात गेलो आणि भांडारपालांची ती तक्रार उघडली. खाली शेऱ्याची चौकट असते, ती वेगळी उघडावी लागते. चार मिनिटांत बंद करणारा माणूस ती कशाला उघडेल. त्यात लिहिलं होतं: 'सुट्टीत खोलीचा काटा शून्याखाली गेला. एरवी असं झालं की रात्री-अपरात्रीही मोबाईलवर मेसेज येतो, या वेळी आला नाही. खोली आता ठीक आहे. आतलं इन्सुलिन वाटू की थांबवू, कृपया कळवावे.'

आणि त्यांना आम्ही कळवलं होतं. आपल्या अडचणीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. धन्यवाद.

भांडारपालांना फोन केला. साधा, कामाचा माणूस. म्हणाले, "साहेब, तुमचं उत्तर आलं तेव्हाच माल सोडला. तोपर्यंत बाजूला काढून ठेवला होता मी." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मग परिपत्रक मोडून मिस्त्रींना फोन केला. राखाडी पेटी म्हटल्याबरोबर त्यांनी सगळं सांगितलं. भांडाराच्या थंड खोलीत एक काटा बसवलाय, तो या पेटीला जोडलेला. खोली फार तापली किंवा फार गारठली की पेटी भांडारपालांना मेसेज पाठवते. एरवी वर्षवर्ष गप्प असते. त्यांनी ती आठ वर्षांपूर्वी स्वतः जोडली होती. लिहून ठेवलं नव्हतं. "चिठ्ठी लावली होती की," म्हणाले, आणि मग हळूच, "माझंही चुकलं रे."

ज्या पेटीचं कामच बोंबलायचं, तिचंच तोंड मी दाबलं आणि सात दिवस कान देऊन ऐकत बसलो.

वर जाऊन बटण चालू केलं. घुर्रर्र सुरू झालं. त्याने काही होणार नव्हतं. माल तर पंधरवड्यापूर्वीच गेला. मोठ्या भांडाराचे चाळीस दवाखाने. किती बाटल्या, किती माणसं, आणि त्यांतले किती जण आत्ता तांब्या घेऊन फिरत असतील.

१२ एप्रिल, शनिवार

काल संध्याकाळी संचालकबाईंना सगळं सांगितलं. त्या वाईट नाहीत. मला पाणी दिलं, खारूची चौकशी केली. मग म्हणाल्या की माल 'नियमित तपासणी' म्हणून परत मागवू. पत्र काढू, आठ-दहा दिवसांत येईल सगळं. चूक कोणाची हा विषयच निघणार नाही. आणि ती तक्रार बंद आहे तर बंदच राहू दे. पुन्हा उघडली की उघडणाऱ्याचं नाव त्यावर लागतं आणि ती वरच्या कार्यालयात दिसते.

मी हो म्हणालो. ही डायरी आहे, म्हणून खरं लिहितो. मी हो म्हणालो, आणि मला हलकं वाटलं. नोकरीची सोळा वर्षं उरलीत, खारूच्या सुया आहेत, घर आहे. पत्र तर निघणारच होतं.

इस्पितळात येऊन हिला हे सांगितलं. ही खारूची वेणी घालत होती. वेणी घालता घालताच म्हणाली, "आपलीला दुसरी बाटली मिळाली. आठ दिवसांत बाकीच्यांचं काय होईल?"

ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आज सुट्टी असूनही सकाळी आठला ऑफिसात गेलो. तक्रार उघडली. स्क्रीनवर चौकट आली: पुन्हा उघडण्याचे कारण. मी लिहिलं: 'ही तक्रार मी न वाचता बंद केली. २४ मार्चपासून मोठ्या भांडारातून गेलेलं इन्सुलिन वापरू नये.' खाली नाव आपोआप लागलं. बटण दाबताना माझी पाचावर धारण बसली होती. डोळे मिटून दाबलं.

मग संचालकबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तक्रार उघडणाऱ्याचं नाव तुमचं आहे."

"बंद करणाऱ्याचंही माझंच आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मग पत्र नाही, नंबर नाही. सरळ फोन. चाळीस दवाखाने, एकेक करून, मिस्त्रींसारखे. दहा वाजता मिस्त्री स्वतः येऊन समोर बसले, त्यांच्याकडे लोकांचे घरचे नंबर होते. अकराला भांडारपाल आले. दुपारपर्यंत सदतीस झाले. तिघांचे फोन लागेनात, तिकडे भांडारपाल गाडी घेऊन निघाले. फोनवर प्रत्येक जण आधी नंबर काय म्हणून विचारायचा. इतकं छान शिकवलं होतं मी त्यांना.

१५ एप्रिल, मंगळवार

निलंबनाचं पत्र आलं. एकच पान आहे. चौकशी होईल. भीती वाटतेच, पण ती आता कुठे बसली आहे ते मला माहीत आहे, म्हणून घरात हिंडता येतं.

एकशे त्र्याऐंशी जणांना बाटल्या गेल्या होत्या. सगळ्यांपर्यंत निरोप पोचला. अकरा जण इस्पितळात आहेत, त्यांतले दहा बरे होतायत. अकरावा एक सुतार आहे, नदीपलीकडच्या दवाखान्यातला. तो अजून शुद्धीवर आलेला नाही. त्याच्या बायकोचा नंबर मिस्त्रींनी मिळवून दिलाय. दिवसातून दोनदा फोन करतो. मी कोण ते पहिल्याच दिवशी तिला सांगितलं. ती फोन ठेवत नाही. मी विचारतो, काही फरक? ती म्हणते, नाही. फोन करायच्या आधी मला घाम फुटतो, आणि तरी करतो.

खारूला आज घरी आणलं. आल्या आल्या मी बिस्किटांच्या कपाटाचं कुलूप काढलं. ती बघत होती.

दुपारी तिने स्वतःच शुगर बघितली, वहीत लिहिलं आणि वही माझ्यापुढे उघडी ठेवून खेळायला गेली. १७८. इतके दिवस चांगला आकडा आल्यावर थोडा वर गेलेला. मग मी आकड्यावरून नजर काढून पुढच्या रकान्यात गेलो.

'एक बिस्कीट खाल्लं. निघताना नर्सताईंनी दिलं. खोटं वाटलं तर त्यांना विचार.'

मी विचारलं नाही.